टबाचं झाकण

अहो,

तुमच्या घराण्यातले रंगीत कोइ मासे चार पिढ्या बर्फाखालच्या तळ्यातच हिवाळा काढत आले आहेत आणि तुमच्या हयातीत ही परंपरा मोडणार नाही. बैठकीत काचेची टाकी ठेवू या, असं मी म्हणाले, तेव्हा तुम्हीच हे ऐकवलंत. वर, "मासे काय पेन्शनर आहेत, हीटरजवळ बसायला?"

बरं. गारठलेल्या पाण्यातला मासा वसंतापर्यंत तोंड उघडत नाही, हेही तुमचंच. मग माशांच्या खाद्याची पिशवी आठवड्यात अर्धी कशी झाली? बंब गोठला म्हणून पाच दिवस आपण गावच्या सार्वजनिक स्नानगृहात आंघोळीला जातोय, पण मिस्त्रीला फोन करायला तुम्हाला सवड नाही. आणि आपल्या बंद न्हाणीघरातून सारखा बुडबुड आवाज येतो.

सकाळी तुम्ही शेजारच्या ओगातांच्या छपरावरचा बर्फ उपसायला गेलात, तेव्हा मी टबाचं झाकण उचललं.

मी ओजियाच्या बाजारात काचेची टाकी आणायला जाते आहे. भात कुकरमध्ये आहे, मिसोचं सूप गरम करून घ्या. सासूबाईंना मी काही बोललेले नाही.

टबात तीन मासे आहेत. आपल्याकडे एकूण तीनच आहेत.

मित्सुए