बोटीवरची पॅन्ट

९ सप्टेंबर, मंगळवार
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. कुणाची माफी ते ठाऊक नाही. शाळा पाचवीपर्यंत; तिथं पत्र असंच सुरू करायला शिकवलं, मग वहीही तशीच सुरू होते. एप्रिलात लेक संगीता जर्मनीहून आली होती, तेव्हा ही वही देऊन गेली. "अण्णा, डोक्यात किडे फिरतात ना तुमच्या, ते यात सोडा." पाच महिने सोडले नाहीत. फिरत होतेच.
आज तिचं पार्सल आलं. तीन पॅन्ट. पाच ऑक्टोबरला विमान, मग तिथल्या नदीवर सात दिवस बोट. तिनं वर्षभर सुट्ट्या साठवल्यात. बोटीवर चालावं लागत नाही, खुर्चीत बसून गावं बघायची, म्हणून बोट.
सून वर्षा म्हणाली, "मामा, पितृपक्ष चालूय. घटस्थापनेपर्यंत नवं अंगाला लावू नका." बरं झालं. कपाटात ठेवल्या.

१० सप्टेंबर
घालायच्या नाहीत, पण बघायला काय हरकत. निळी, लोकरीसारखी, कॅप्टनसोबतच्या जेवणासाठी. खाकी, सहा खिशांची, डेकवर बसायला. काळी, ताणली की ताणते, रोजची. बॅगेत दोनच मावतात, तिसरी अंगावर. म्हणजे तिन्ही न्यायच्या. मग निवडायचं काय? तर सं. म्हणते विमानात कोणती आणि बॅगेत कोणत्या ते ठरवा, थंडी वाजेल. ठरत नाही.
चाळीस वर्षं उस्मानपुऱ्यात दुकान. लोकांच्या हजारो पॅन्ट शिवल्या. स्वतः एकही घातली नाही. दिवसभर पायमशीनवर बसणाऱ्याला लेंगाच बरा. अर्ध्या चड्डीतून जो लेंग्यात आलो तो आजवर, वय चौऱ्याहत्तर.
तिघींतही चोरखिसा नाही. गोळ्या कुठं ठेवायच्या?

१२ सप्टेंबर, शुक्रवार
बागेतल्या कट्ट्यावर सगळ्यांना कळलंय. कुलकर्णी म्हणाले, "काय मास्तर, मडमांसमोर लेंग्यावर जाणार का?" दुसरा म्हणे, "नाडी धरून उभं राहावं लागंल, वारं लई असतंय तिथं." हसले. मीही हसलो.
आता नाही म्हणायला तोंड नाही. व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. डाव्या अंगठ्याचा उमटेना, सुयांनी झिजलाय. तिथली पोरगी पाच वेळा पुसून दाबत होती. मला आतून वाटत होतं, नाही उमटला तर सुटलो. सहाव्यांदा उमटला.
एसटीतून घंटी मारून उतरता येतं. विमानातून नाही. बोटीतूनही नाही. मधेच बरं वाटेनासं झालं तर... सं.ला विचारलं. "अण्णा, दर सकाळी बोट काठाला लागते." आणि रात्री?

१५ सप्टेंबर, सोमवार
वर्षा भाजीला गेली तेव्हा दार लावून काळी घातली. पितर मोठ्या मनाचे असतात. चेन अडकली, सुटली. बटण लावलं, हात सोडला. पॅन्ट घोट्यांवर.
निळीचं तेच. खाकी कमरेच्या हाडावर जरा थांबली, मग तीही गेली.
राग आला. रेडिमेडवाल्यांना काय कळतंय. की संगीनं टेप सैल धरला होता? पण एप्रिलात तिनं माप घेतलं तेव्हा आकडा मीही पाहिला होता. छत्तीस. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे.

१६ सप्टेंबर
तिन्ही पॅन्ट टेबलावर पसरून कंबर मोजली. अठरा नि अठरा, छत्तीस. कापडात खोट नाही.
मग टेपवर संशय. जुना टेप ताणून लांबतो आणि माप कमी दाखवतो. दुकानातली लाकडी पट्टी माळ्यावरून काढली, टेप शेजारी ठेवला. दोरा इकडचा तिकडं नाही.
मग स्वतःला मोजलं. साडेएकतीस. परत मोजलं. साडेएकतीस.
लेंगा काढून नाडी बघितली. गाठ पडून पडून नाडीला चुणी पडते. जुनी चुणी एकीकडं, आताची गाठ पार चार बोटं आत. टोकं लोंबतायत. रोज बांधतोय. नाडी जेवढं अंग असेल तेवढ्यावर बसते, तक्रार करत नाही. माझ्या ध्यानात आलं नाही.
वर्षा महिनाभर म्हणतेय, "मामा, अर्धी भाकर ठेवलीत." उकाडा आहे म्हणालो. सप्टेंबरात कसला उकाडा.

१७ सप्टेंबर, बुधवार
मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन. सुनील, माझा मुलगा, कंपनीच्या सुट्टीमुळं घरी. त्याला सांगावं म्हणून दोनदा त्याच्या खोलीपर्यंत गेलो. तो विमानतळावर कसं जायचं ते फोनवर ठरवत होता. परत आलो.
स्वतःचं माप स्वतः घेऊ नये. खाली बघायला वाकलं की पोट आत जातं, आकडा खोटा येतो. हे मी गिऱ्हाइकांना सांगायचो. म्हणजे माझाही खोटा असू शकतो.
गफूरभाईला फोन लावला. दुकानात तो कटर, मी शिवणारा. आता खुलताबादला मुलाकडं असतो. म्हटलं, पॅन्ट शिवायची, माप घ्यायला ये.
"किसकी पतलून?"
"माझी."
इतका हसला की खोकला लागला. "या अल्ला. मास्तर पतलून में! आता मैं. शनिवार कू आता. देखनाच पडेगा."
वर्षाला एवढंच सांगितलं, पॅन्ट सैल होतायत. "मोठ्याच आल्या असतील, मामा," म्हणाली.

१८ सप्टेंबर
झोप नीट नाही. कन्नड गावचे एक गुरुजी आठवतायत.
दुकानात रीत अशी की ग.भा., म्हणजे गफूरभाई, माप घेऊन आकडा मोठ्यानं म्हणायचा, मी वहीत लिहायचो. गुरुजी दर दिवाळीला एक पॅन्ट शिवायचे. अडतीस, अडतीस, सदतीस. एका वर्षी ग.भा.नं टेप लावला, जरा थांबला, आणि म्हणाला, "सदतीस. बराबर लिखो मास्तर." मी बघितलं, टेपवर त्याचं नख तेहतिसावर होतं. मी तेहतीस लिहिलं. गुरुजी खूश होऊन गेले.
तिथून ती रीतच पडली. कुणाचं अंग फार उतरलेलं दिसलं की ग.भा. जुना आकडा म्हणणार आणि मागं "बराबर लिखो" जोडणार. मी नख बघून खरा लिहिणार. माणूस माप द्यायला आलाय, त्याला भीती कशाला द्या. चांगलंच करतोय असं वाटायचं.
पुढच्या दिवाळीला गुरुजींचा मुलगा आला. तीच पॅन्ट घेऊन, स्वतःच्या मापाची करायला.

२० सप्टेंबर, शनिवार
ग.भा. अकराच्या एसटीनं आला. गुडघा धरून जिना चढला. मला पाहिलं आणि हसायचं होतं तेवढं हसला नाही.
"पहले चाय," म्हणाला. चहा अर्ध्यावर ठेवला. खिशातून स्वतःचा टेप काढला. वर्षा दारात उभी राहिली, तिला गंमत बघायची होती. मी शर्ट वर धरून उभा. वही माझ्याच हातात, उघडी, जुन्या सवयीनं.
"सीधा खडा रह. पेट सोड. अरे सोड, कौन देखता." टेप कमरेभोवती आला. त्याचे हात गार होते. तो थांबला.
मी समोरच्या भिंतीकडं बघत होतो.
"छत्तीस," तो म्हणाला. आणि मग, "बराबर लिखो मास्तर."
वर्षा टाळी वाजवून म्हणाली, "बघा! मी म्हणलं नव्हतं का, मामा? पॅन्टच मोठ्या आल्यात. आता ताईंना सांगते." आणि फोन आणायला गेली.
मी खाली बघितलं. नख होतं. लिहिलं: ३१।।, साडेएकतीस.
त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेलो. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "मास्तर, वो गुरुजी कू अपन बोलना था क्या?"
रिक्षा सुरू झाली. आवाजात ऐकू आलं नाही असं मी केलं.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. वर्षानं घटाला माती आणली, गहू पेरले. आता नवं अंगाला लावायला हरकत नाही.
माळ्यावरून मशीन उतरवलं. काळी घेतली. इंच-दीड इंच असतं तर मागच्या मधल्या शिवणीत घेतलं असतं, तासाभराचं काम. साडेचार इंच तिथंच घेतले तर मागचे दोन खिसे एकमेकांना भिडतात, आंधळ्यालाही कळतं. पट्टा पूर्ण उसवला. दोन्ही बगला, बाजूच्या शिवणी, उसवल्या. खिसे सुटे केले. सगळीकडून थोडं थोडं. कुणाला समजणार नाही.
कापड कापलं नाही. माया, म्हणजे जादा कापड, सगळी आत दुमडून ठेवली. अंग परत भरलं तर उसवता येईल.
हात चालत होते तोवर बरं होतं.

२४ सप्टेंबर, बुधवार
सं.चा व्हिडिओ कॉल. "अण्णा, घालून दाखवा ना." काळी घातली. वर शर्ट खोचला, आयुष्यात पहिल्यांदा. वर्षानं फोन धरला, मी वळून दाखवलं.
"अय्या! साहेब दिसताय! वहिनी तर म्हणत होत्या मोठ्या आल्यात. एकदम मापात आहे की. माझंच माप आहे शेवटी."
"तुझंच," म्हणालो.
"चेहरा उतरलाय थोडा."
"दाढी केलीय."
ती हसली. तिला रडायलाही आलं असं वाटलं, पण हसली. म्हणाली, "बोटीवर आपली खोली पाण्याच्या अगदी जवळ आहे अण्णा. खिडकीतून हात बाहेर काढला तर हंस येतात म्हणे."
फोन ठेवल्यावर पॅन्ट तशीच ठेवून पलंगावर बसलो. असं काम केलंय की माझी लेकही फसली. कारागिरी इतकी चांगली करायला नको होती.
आठ महिने न जाण्याचं कारण शोधत होतो. आता मिळालंय तर सांगवत नाही. हंस बघावेत असं वाटतंय.

२५ सप्टेंबर
निळी नि खाकी दोन्ही बाहेर काढून ठेवल्या. बॅग उघडी. उसवायला घेतल्या नाहीत.
सांगितलं तर दवाखाना, तपासण्या, बोट गेली. सुनील रजा टाकणार, सं. तिकडं रडणार. नाही सांगितलं तर मधल्या नदीत काही झालं की तिच्या एकटीच्या गळ्यात. दोन्हीकडून शिवण बंद. मधे मी.
आज पाव भाकरी.

२७ सप्टेंबर, शनिवार
सकाळी ग.भा.चा फोन. हालहवाल नाही, काही नाही. "बोला क्या बेटी कू?"
"नाय."
"मैं रोज उस गुरुजी की पतलून काटता, मालूम? आँख मिटी की वहीच काटता." आणि ठेवला.
दुपारी वर्षाला म्हणालो, या वहीचा फोटो काढायला शिकव. पान बघून तिचा हात थांबला. "मामा, छत्तीस म्हणाले होते ना ते चाचा?" मी म्हणालो, "तो म्हणतो एक, मी लिहितो एक. आमची रीत आहे." ती खाली बसली. मग उठून सुनीलला फोन लावायला लागली. मी म्हणालो, आधी संगीला जाऊ दे.
दोन पानांचे फोटो. एक एप्रिलचं, एक गेल्या शनिवारचं. खाली बोटानं टाईप केलं, अर्धा तास लागला. तेच इथं उतरवतो:
"संगे, तुझं माप चुकलं नव्हतं. पॅन्ट मी आत घेतली म्हणून बसली. एप्रिलात ३६, आता ३१।।. गफूरचाचानं घेतलंय, त्याचा हात चुकत नाही. मला काही दुखत नाही. काळी बॅगेत आहे, बाकी दोन बाहेर आहेत, बॅग बंद केलेली नाही. यायचं की नाही ते तू ठरव, माझ्यानं ठरत नाही. हंस खरंच येतात का तेही सांग."
गेला. दोन खुणा आल्या, अजून निळ्या झाल्या नाहीत. तिकडं सकाळ असेल, सुट्टीचा शनिवार, झोपली असेल. वर्षा घटाला पाणी घालतेय, अंकुर बोटभर आलेत. मी फोन मांडीवर ठेवून बसलोय, लेंग्यावर.
संगे, बघितलंस की लगेच कळव गं. काय असेल ते, पण कळव.