पाकटाचा चाबूक

४ जानेवारी, तारकर्ली

पोहोचले एकदाची! निघताना नवऱ्याने डबा, पाण्याची बाटली आणि उलटीची गोळी असा सगळा संसार बांधून दिला होता. फोंडाघाटाच्या वळणांवर फक्त गोळी कामी आली. केयूर आहेच तसा. घरातलं झुरळसुद्धा कागदात धरून बाहेर सोडतो.

जयरामकाका परुळेकरांचं घर माडांच्या बागेत आहे, मागच्या दारातून समुद्र दिसतो. त्यांच्याकडचे जुने चाबूक मी नीट करायचे, मग ते पर्यटकांसाठी छोटं संग्रहालय काढणार. चामड्याची दुरुस्ती करते म्हणून नाकं मुरडणाऱ्या कोल्हापूरच्या सगळ्या नातेवाइकांना आज बांगड्याच्या तिखल्याचा फोटो पाठवला. जळा म्हणावं.

काकांच्या पत्नी सरलाताई फार बोलत नाहीत. घामाने निथळत असल्या तरी पाठीवर पदर घट्ट लपेटलेला असतो.

५ जानेवारी

आज एकेक चाबूक पाहिला. एक बैलाचं लिंग वाळवून, पीळ देऊन केलेला. (काका लाजले, मी नाही.) एक गेंड्याच्या कातड्याचा, मुठीला रानडुकराचा सुळा. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे पाकट माशाच्या शेपटीचा. शेपटी लांबलचक, कानशीसारखी खरखरीत. मूठ सांबराच्या पायाची, केसांसकट, खुरासकट. हा मात्र काका खालीच ठेवत नाहीत. सतत उजव्या हातात. जेवतातही डाव्या हाताने. म्हातारा हौशी दिसतो.

इथली एक रीत कळली. भांडण होतं म्हणून मीठ-मिरची जशी कुणाच्या हातात देत नाहीत, तसाच चाबूकही देत नाहीत. एकाने खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. बाकीचे सगळे काकांनी मला तसेच दिले. मी मनात हसले, पण पाळलं.

६ जानेवारी

विहिरीवर पाणी शेंदताना सरलाताईंचा पदर सरकला. पाठीवर कातडी अशी उरलेलीच नाही. ताजे वळ, त्यांच्याखाली जुने, काही ठिकाणी मांस दिसत होतं. मी पाहिलं हे त्यांना कळलं. त्यांनी पदर ओढला आणि घागर उचलून गेल्या. मला इतका संताप आलाय की जेवण गेलं नाही. उद्या त्या हौशी म्हाताऱ्याला सोडणार नाही.

७ जानेवारी

पडवीच्या पायरीवर काकांना गाठलं. पोलिसांत जाईन अशी मी धमकी दिली. ते रडायलाच लागले. मग उतरताना त्यांचा तोल गेला, "धर गो बाय, माका धर!" म्हणून ओरडले. मी हात धरायला गेले आणि माझ्या हातात मूठ आली. त्यांनी बोटं सोडली.

ते पडले नाहीत. स्वतःचा रिकामा तळहात उलटसुलट करून बघत हसत होते.

सरलाताई दारातून म्हणाल्या, "हातातसून घेतलंस मां? आता तो तुझोच."

मूठ सुटत नाहीये.

८ जानेवारी

डाव्या हाताने लिहितेय. तेल, साबण, सुरी, सगळं झालं. सुरीने माझंच रक्त निघालं.

सरलाताईंनी सांगितलं. कुणी आपल्या हातातून घेतला तरच तो सुटतो. तोवर चाबकाला मारायला माणूस लागतो, समोर असेल तो. माडावर मारून बघितलं, सालपटं निघाली, हात थांबेना. काकांना तो त्यांच्या वडिलांनी दिला. सरलाताईंनी इतकी वर्षं मार घेतला, चाबूक घेतला नाही.

शनिवारी केयूर येणार आहे. त्याला अडवायला हवं.

९ जानेवारी

दुपारी काका जेवत होते. उजव्या हाताने, मिटक्या मारत. माझा हात वर गेला.

पहिल्याच फटक्यात कान भातात पडला. त्यांनी ताट डोक्यावर धरलं, मग बोटं — मी थांब थांब ओरडत होते — शेपटी मांसात अडकायची, ओढून काढावी लागायची — आणि सगळ्यात वाईट म्हणजे बरं वाटत होतं. हाताला नाही. मला.

काका हलत नाहीत.

सरलाताईंनी पिशवी भरली, रिक्षा बोलावली. पदर न लपेटता गेल्या.

१० जानेवारी

केयूरला फोन केला. येऊ नकोस म्हणाले. आवाज ऐकून आणखीच घाबरला. फोंडाघाटात पोचलाय. माझ्यासाठी वडे बांधून घेतोय —

खूर मनगटात रुततोय. परत हवंय त्याला —

गाडी आली.

दुपार

मागच्या दाराने आत आला. काकांना पाहिलं. मला पाहिलं. पळाला नाही, वेडा. हात पुढे करून म्हणाला, ऋता, दे तो इकडे. नको म्हणायचं होतं. सांगायचं होतं सगळं. पण हात उठला होता आणि मी —

दिला.

माजघरात पळाले, कडी घातली. उजव्या हाताने लिहितेय. अक्षर किती सरळ —

दारावर फटके. केयूर रडतोय. म्हणतोय आवरत नाही, परत घे गं, परत घे —

फळी फुटली. फटीतून मूठ पुढे केलीये त्याने. हात लावला की सुटेल तो. एवढंच करायचं —

मी लिहितेय. हात रिकामा नको. रिकामा असला तर घ्यावा लागेल. लिहीत राहायचं. केयूर, माझा हात गुंतलाय रे, मी लिहि