नवं काम कोणाला मिळतं

आई, आज शाळेतून आले आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून पलंगावर बसून राहिले. आताशा असंच होतं. शेवटचा तास अकरावीचा असतो. संगणकामुळे नोकऱ्या कशा बदलतायत, ते त्या मुलींना शिकवायचं. दरवर्षी मी तेच सांगते: जुनी कामं जातात, नवी येतात, शिकत राहा. मुली उतरवून घेतात. आज मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिची आई आपल्या शहरातल्या कंपू भागातल्या एका दवाखान्यात बिलं करायची. तिथं नवी सिस्टिम आली आणि दिवाळीपासून ती घरी बसलीय. मुलगी म्हणाली, "मॅम, जिसका काम जाता है, नया वाला उसी को मिलता है क्या?"

पुस्तकात याचं उत्तर नाही. म्हणून मी त्यांना तुझं सांगितलं. माझी आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, कानाला हेडफोन, समोर बोर्डावर वायरींचं जाळं. शहराच्या लष्कर भागातल्या कितीतरी लोकांना तू नुसत्या 'हॅलो'वरून ओळखायचीस. कोणाकडे आजारपण असलं की त्यांचा ट्रंक कॉल आधी लावून द्यायचीस. मग यंत्रं आली, लोक थेट नंबर फिरवायला लागले आणि तुला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. काही वर्षांनी तिथं संगणक येणार असं कळलं. मी तेव्हा कॉलेजात तेच शिकत होते. साडीच्या खोक्याच्या झाकणावर मी तुला कीबोर्ड काढून दिला. तू स्वयंपाकघरात पाटावर बसलीयेस, कुकर चढवलाय, आणि एका बोटानं पुठ्ठ्यावर स्वतःच्या नावाची अक्षरं शोधतेयस. एक काही केल्या सापडेना, तेव्हा मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "असू दे गं, नाही जमलं तरी चालेल." तू हात सोडवून घेतलास. "माझी कीव करू नकोस. शिकवायचं तर नीट शिकव, नाहीतर ऊठ आणि पोळ्या लाट." मी नीट शिकवलं. रिटायर होईपर्यंत तू त्या खिडकीवर काम केलंस.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. पण घंटा झाल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. "मॅम, आपकी मम्मी को वो नया काम अच्छा लगा?"

मला तुझ्या त्या संध्याकाळी आठवल्या. दिवसभर लोकांची बोलणी ऐकून तू यायचीस आणि निवडायची भाजी पुढ्यात घेऊन नुसती बसून राहायचीस. घरातला फोन वाजला की म्हणायचीस, "तूच घे." पुढं पुढं तर तू फोनला हातच लावला नाहीस. हे मी तिला सांगितलं नाही. "हाँ, बहुत," मी म्हटलं.

"तो मैं मम्मी को बता दूँ?"

"बता दो. और शनिवार को उन्हें ले आना, छुट्टी के बाद मैं लैब खोल दूँगी."

ती जवळजवळ पळतच गेली. मला माहीत आहे, दवाखान्यात तिच्या आईला आता कोणी परत बोलावणार नाही. लॅबमध्ये मी जे शिकवीन, त्यानं दुसरीकडे कुठे काम मिळेल का, तेही मला माहीत नाही.

तू आता नाहीस, हे पत्र कुठं धाडणार? ते नवं काम आवडलं का, हे तुला कधी विचारलंच नाही, म्हणून लिहीत बसले. खरं सांगू, आई? त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला तिला जवळ बसवून घ्यावं लागलं असतं. मी 'हाँ' म्हटलं, कारण मी फार थकले होते आणि मला घरी यायचं होतं.