ते आमच्या घरी आले होते

बाबा, तुमच्या त्या कवीबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे. दोन वर्षं मनात धरून बसले आहे, कारण ज्याला सांगावं असं वाटतं तो माणूस तुम्हीच, आणि तुम्हाला जाऊन आता किती काळ लोटला.

बडोद्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही पहाटे चहाचं आधण ठेवता ठेवता त्याची भजनं म्हणायचात. घरात मराठी, पण शाळेत गुजराती शिकवणारे तुम्ही. लोकांना त्याची गंमत वाटायची. त्या कवीची गोष्ट मी तुमच्याकडूनच ऐकली. पाचशे वर्षांपूर्वीचा सौराष्ट्रातला ब्राह्मण, लहानपणीच पोरका झालेला. वहिनीचा टोमणा लागला म्हणून घराबाहेर पडला आणि परतला तो गातच. गावाबाहेर ज्यांची सावलीही नको असायची, त्यांनी भजनाला बोलावलं तर हा गेला, म्हणून जातीनं वाळीत टाकलं. लेकीच्या सातव्या महिन्यात माहेरचा आहेर न्यायचा, तर हातात टाळांखेरीज काही नाही. पुढे देवच सावकार होऊन आहेर घेऊन येतो, पण तुम्ही त्याआधीच थांबायचात. ‘देव येईपर्यंत ती बापलेक एकमेकांशी काय बोलली असतील, ते सांग,’ म्हणायचात.

मग तुम्ही स्वतःच शनिवारी संध्याकाळी सफाई कामगारांच्या वस्तीत भजनाला जाऊ लागलात. तुमच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी बोलावलं होतं. सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या तेव्हा आईनं जेवताना विचारलं, तिथे जाऊन मिळतं काय तुम्हाला? तुम्ही भात कालवत होतात. मान वर न करता म्हणालात, “तिथं माझा सूर लागतो.” पण शनिवारी तुमचा धुतलेला सदरा आईच काढून ठेवायची.

आता ट्रॉय. मिशिगनमधल्या या गावात सगळे गाड्यांच्या कंपन्यांत नाहीतर आयटीत. हिवाळ्यात पार्किंगमधला बर्फ फावड्यानं उपसल्याशिवाय गाडी निघत नाही. मला सातवा लागला होता, आईला व्हिसा मिळाला नव्हता, आणि वरच्या मजल्यावर एक गुजराती मावशी मुलाकडे राहायला आल्या होत्या. एका सकाळी मी सिंकपाशी भांडी विसळत तुमचं भजन गुणगुणत होते. मावशी ढोकळ्याचा डबा द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहून त्यांनी पुढची ओळ उचलली. तुमच्यापेक्षा संथ चाल, शेवटी जरा खाली उतरणारी. मला रडूच आलं. चहा टाकला, त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं, आणि बोलण्याच्या भरात ती गोष्टही सांगू लागले, की तो त्या वस्तीत गेला आणि जातीनं त्याला वाळीत टाकलं.

मावशींनी कप खाली ठेवला. “ते आमच्या घरी आले होते,” त्या गुजरातीत म्हणाल्या. मागच्या आठवड्यात कोणी पाहुणा येऊन गेल्यासारखं.

मला कळायला क्षणभर लागला, की ती वस्ती यांच्याच पूर्वजांची. मग त्या सावकाश बोलत राहिल्या. आजी सांगायची, अंगण सारवलं होतं, तुळस आणून ठेवली होती, त्यांना बसायला घरातली एकुलती एक गोधडी अंथरली होती. “त्यांना कोणी टाकलं ते सगळे सांगतात,” त्या म्हणाल्या. “आम्ही जेवू घातलं, ते कोणी सांगत नाही.” जाताना एवढंच म्हणाल्या की हे इथे कोणाला सांगू नकोस, मुलाला आवडत नाही, तो आडनावसुद्धा बदलून आलाय. मी मान हलवली. बाबा, त्या क्षणी मला बडोद्याला फोन लावायचा होता. नंबर अजून पाठ आहे. उचलायला मात्र तुम्ही नव्हतात.

दोन दिवसांनी त्या हिरवी बांधणी घेऊन आल्या. मी संकोचून नको म्हटलं तर त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, “माझी नाही ही. तुझ्या वडिलांकडून आहे.” मुलगी झाल्यावर महिनाभर रोज तिला त्यांनीच न्हाऊ घातलं, गात गात. यंदा त्यांच्या मुलाचा जॉब गेला आणि ती सगळी टेक्सासला निघून गेली. माझी लेक आता दोन वर्षांची आहे. भजन संपलं की ‘अगेन’ म्हणते, आणि मी पुन्हा म्हणते.

हे पत्र कुठे पाठवणार? लिहून ठेवते इतकंच. आणि एक सांगते, रागावू नका. तुमचे शब्द सगळे आहेत, आधणाची वाफही दिसते, पण तुमचा आवाज मला आता ऐकू येत नाही. कान देऊन बसते तेव्हा येतो तो मावशींचा.