डॉक्टर नाही म्हणाले होते

बाबा,

मी मावशीकडे जातेय. मोबाइलकडे पाहिलं की डोकं ठणकतं, म्हणून चिठ्ठी लिहितेय. जेवण फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या.

आज डॉक्टरांकडे गेले होते. ते माझ्यावरच चिडले. म्हणाले, "मागे गोलपोस्टवर डोकं आपटलं, तेव्हाच तुझ्या वडिलांना बजावलं होतं, एवढ्यात हिला खेळवू नका." मला तर तुम्ही सांगितलंत की डॉक्टर हो म्हणालेत. मी एका शब्दानं विचारलं नाही.

काल पहिल्या हाफमध्ये पुन्हा डोक्याला लाथ लागली. मध्यंतरात मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, "बाबा, मला दोन-दोन चेंडू दिसतायत." तुम्ही सगळ्या टीमला ऐकू जाईल असं म्हणालात, "मग दोन्ही अडव!" मुली हसल्या. मीही हसले आणि पुन्हा गोलमध्ये जाऊन उभी राहिले. नंतरचा सामना मला आठवतच नाही. जिंकलो म्हणे.

इतक्यात फोन करू नका. मावशीला मी सगळं सांगितलंय.

दुसऱ्या कुठल्या कोचनं माझ्याशी असं केलं असतं ना, तर रडत तुमच्याकडेच आले असते.

– छोटी