सातवं कलम

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मनगटाचं हाड चांगलं जुळलं. चिमट्यात एक मिलिग्रॅमचं वजन धरलं तरी हात थरथरत नाही. वजनकाटे दुरुस्तीची कामं पुन्हा सुरू केली.

ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने मोडलेलं हाड लवकर बळकट होतं का, या इस्पितळाच्या अभ्यासात मी आहे, हे तुला ठाऊकच आहे. माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडतो. सातव्या कलमात छपाईची चूक होती, ती मी दाखवून दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं बारकाईने आजवर कुणी वाचलं नव्हतं. महिन्याला एक कॅप्सूल मिळते. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसत्या तेलाची. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. त्यांना नसेल, माझ्याकडे काटा आहे! दुकानातली तेवढ्याच मात्रेची कॅप्सूल एका पारड्यात ठेवली, त्यांची दुसऱ्यात. त्यांची अकरा मिलिग्रॅम हलकी. म्हणजे पाच महिने मी तेल गिळतोय. म्हणून तू पाठवलेल्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्या सुरू केल्या. तू आठवड्याला एक लिहिलं होतंस, पण मागची तूट भरून काढायची तर रोज एक हवी. तुझ्या संपल्या, आता दुकानातून आणतो. सहावा आठवडा चालू आहे.

बाकी ठीक. तहान फार लागते. वहीत नोंद आहे, काल सतरा ग्लास. अन्नावर वासना नाही. ही म्हणते, मी चिडका झालोय. जन्मापासूनचा आहे, हिला उशिरा कळलं.

लोभ आहेच, त्यात गुंजभरही घट नको.

तुझा धाकटा

८ मार्च

चि. काटेकोरास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र जावई हातोहात आणताहेत. वाचून झालं की चपला घालायच्या आणि त्यांच्याबरोबर इस्पितळात जायचं. वाटेत त्यांना शहाणपण शिकवायचं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू वाद घालतोस आणि जिंकतोस.

सतरा ग्लास पाणी? अजून मी शाल पांघरते, तुझ्याकडे काय दुसरा सूर्य उगवलाय? माहितीपत्रकावरचा नंबर फिरवला आणि तुझं पत्र परिचारिकेला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. 'रोज एक' हे तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, पुडी आत्तापासून बंद, आणि आजच्या आज रक्त तपासायला आणा. एवढ्या ड जीवनसत्त्वाने रक्तात कॅल्शियम चढतं, ही तहान त्याचीच, आणि मग मूत्रपिंडं निकामी होतात.

आता ते सातवं कलम काढ. अभ्यास चालू असताना दुसरीकडून ड जीवनसत्त्व घेऊ नये, घेतलं तर कळवावं, असं तिथे छापलंय. बाबा रे, चूक तेवढी सुधारलीस, कलम वाचलंच नाहीस! आणि त्या पुड्या मी पाठवल्या, हे मला डाचतंय. आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन वाढवलं, ते काय माझ्याच पुडीने घालवायला?

पोचल्याची खबर जावयांकडून दे.

तुझी ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल घरी आलो. कॅल्शियम साडेदहाच्या आत हवं, माझं तेरा पूर्णांक नऊ होतं. नऊ दिवस सलाईन, पुढचे दिवस तिथेच देखरेखीखाली. मूत्रपिंडं वाचली; आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मला कुठली कॅप्सूल मिळते हे लिहिलेला, माझ्या नावाचा सीलबंद लिफाफा त्यांना फोडावा लागला. कॅप्सूल खरी होती, ताई. काटाही खरा होता. दोन कारखान्यांची टरफलंच वेगवेगळ्या वजनाची, आणि त्यावरून आतलं ओळखायला निघालेला मी.

माझ्या कॅप्सूल बंद झाल्या. तपासण्या मात्र चालू राहतील, आणि माझी वही त्यांनी मागून घेतली. किती घेतलं आणि कधी घेतलं, हे तिच्यामुळेच नेमकं कळलं म्हणे. त्या परिचारिकेचे आभार मानायला गेलो, तर तिने तुझीच चौकशी केली. आता सही घेण्याआधी ती प्रत्येकाकडून सातवं कलम मोठ्याने वाचून घेते.

पुड्यांचं मनातून काढून टाक. पाकिटावर तू ठळक अक्षरांत आठवड्याला एक असं लिहिलं होतंस. ते पाकीट मी काट्याच्या पेटीत ठेवलंय, झाकण उघडलं की आधी तेच दिसतं. मी नुसते आकडे लिहिले होते. त्यांतून मला वाचलंस ते तू. हे उपकार तोलायला माझ्याकडे वजन नाही.

नवी वही घातली आहे. औषध, पाणी, झोप, असे रकाने पूर्वीसारखेच. एक नवा आहे : ताईला कळवलं का?

आजच्या तारखेपुढे 'हो' लिहून पत्र पाकिटात घालतो. लोभ आहे तसाच राहू दे, आणि रागही.

तुझा धाकटा