दर शुक्रवारचं तेल

नारपोली, भिवंडी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मितेश,

तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवेना, म्हणून डायऱ्या चाळल्या. तू पुण्याला गेलास त्या महिन्यात एक लिहिलं होतं. त्यात गॅसचं कार्ड आणि बाबांच्या गोळ्या यांपलीकडे काही नव्हतं. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं मी गप्पच आहे. फोन होतात, पण ते बोलणं म्हणजे शाळेतली हजेरी. या गप्प राहण्याची माफी आधी मागते. पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर तू ‘सोड ना ताई’ म्हणतोस आणि मला ते बरंच वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आधी चांगली बातमी. तुझी रिमोटची गाडी चालू झाली. भाऊबीजेला तू म्हणालास, डिसेंबरात येतो, ऋतिकाला पप्पांची रेसची गाडी पळताना बघायची आहे, कुणाकडून तरी करून ठेव. फक्त कुमारकडे नेऊ नकोस. मी हो म्हटलं. मग वाटलं, बाबांच्या कारखान्यात कापड विणणाऱ्या आठ लूमच्या आवाजात वाढले, बी.एस्सी. केलं, मुठीएवढी मोटर मला उघडता येऊ नये? माळ्यावरून गाडी काढली, मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि आईचा पोळपाट पालथा घालून त्यावर कामाला बसले. बाबा खुर्चीतून बघत होते. दोन लूम बंद पडलेत तिकडं कुणी बघत न्हाय, खेळण्याला मात्र डॉक्टरीण आली, असं दोनदा ऐकवून झालं. मग तेच चष्मा पुसून शेजारी येऊन बसले.

मागचे तीन स्क्रू काढले. आतला दांडा ओढताना त्याच्यावरच्या चुंबकाने स्क्रूड्रायव्हर असा पकडला की बाबा हसले. दांड्यावर कागदाइतक्या पातळ चकत्या असतात, त्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने वहीच्या पानावर मांडून ठेवल्या. पुढचं बेअरिंग नुसतं खरखरत होतं. मागचं फिरेचना. बेअरिंगच्या गोळ्यांवर धूळ जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना पत्र्याचं बारीक झाकण असतं. मागच्या बेअरिंगचं बाहेरचं झाकण नव्हतंच. आत काळं तेल आणि सुताची रुई मिळून मोरीत अडकलेल्या केसांसारखा गोळा झाला होता. पिनने ओढला तर दोऱ्यासारखा लांबत आला. आतल्या तीन गोळ्या फुटलेल्या.

नवी बेअरिंग इथे कुठे मिळणार? कल्याण नाक्याजवळचा दुकानदार करंगळीच्या नखाएवढा तो नग उलटसुलट करून म्हणाला, “बहनजी, ये लूम का नहीं, घड़ी का माल है.” पण माप घेतलं आणि आठ दिवसांत मागवून दिली. मोटरचं कवच केस वाळवायच्या मशीनने तापवलं तेव्हा जुनं बेअरिंग सुटलं. नवं बसवताना पहिल्यांदा आतल्या कड्यावर दाब दिला आणि ते वाया घालवलं. दुसरं बाहेरच्या कड्यावर पाना ठेवून सरळ दाबलं. पातळ तेलाचा एकच थेंब. आज दुपारी कारखाना बंद असताना लूमच्या दोन ओळींमधल्या बोळात गाडी सोडली, तर ती थेट बाबांच्या चपलेवर जाऊन आदळली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण मोटर उघडल्यापासूनचे हे दहा दिवस मला नीट जेवण गेलेलं नाही.

वडपे गावातल्या गोडाऊनच्या आवारातली ती शेवटची रेस आठव. सोळा डिसेंबर, शुक्रवार. तू पाऊण फेरीने पुढे होतास. मोटर किंचाळली, गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून कुमारची गाडी जिंकली. आदल्या दिवशी त्याने तुझ्या गाडीची दातेरी चकती बदलून दिली होती. सगळ्यांसमोर तू त्याला म्हणालास, “जिंकायचंच होतं तर सांगायचं ना. मोटर कशाला उघडलीस?” तो रिमोट खाली ठेवून एवढंच बोलला, “मी उघडली असती ना मितेश, तर बंद पन नीट केली असती. मोटरला मी हात लावला न्हाय.” आवाराच्या भिंतीवर कुमारच्या शेलार गावची अर्धी पोरं बसलेली. तू गाडी तशीच पिशवीत घातलीस, घरी येऊन माळ्यावर टाकलीस आणि महिनाभरात पुण्याला गेलास. मोटर कुणी उघडून पाहिलीच नाही.

तू गेलास, पण ते वाक्य इथेच राहिलं. कुमार पंचवीस-तीस कारखान्यांतले लूम दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखालून मशीन गेलं की महिनाभर बघायला नको, असं बाबाच सांगायचे. ज्याने सख्ख्या मित्राची मोटर बिघडवली त्याला आपल्या लूमला कशाला हात लावू द्यायचा, असं लोक आधी चेष्टेत म्हणाले, मग चेष्टा राहिली नाही. आता तो वडप्याला माल चढवायच्या ड्युटीवर आहे. मागच्या वर्षी त्याची आई, पार्वतीकाकू, मला बाजारात भेटली. भांडली नाही. म्हणाली, “बाय, माझ्या पोराच्या हाताला नाव ठेवलंत तुम्ही.” मी मेथीची जुडी निवडत राहिले.

ते झाकण मी काढलं होतं, मितेश. त्या वर्षी दिवाळीच्या आधीपासून तुझी मोटर बारीक आवाज करायची. बाबांचं म्हणणं तुला ठाऊक आहे, यंत्र बोलायला लागलं की त्याला तेल दे. शुक्रवारी कारखाना बंद असतो, तेव्हा कुपी घेऊन मी लूमना तेल द्यायची. तुझी गाडी कारखान्यातल्या जिन्याखालीच असायची. मोटरच्या मागच्या बाजूला, वायरींच्या आड, ते झाकण तेल आत जाऊ देईना. मला वाटलं कंपनीने उगाच लावलंय, म्हणून सुईने उचकटून फेकून दिलं. मग दर शुक्रवारी लूमचं जाड तेल. आवाज बंद झाला की मला वाटायचं, बघा, जमलं. रुई त्या तेलाला चिकटत गेली असणार. तुला सांगितलं नाही, कारण तू गाडीला हात लावू द्यायचा नाहीस.

दोन हजार बावीसची डायरी काढली. ‘आठ लूमना तेल. मितेशच्या गाडीलाही.’ हे वाक्य आठ शुक्रवारी आहे. सोळा डिसेंबरच्या पानावरही सकाळचं म्हणून तेच, आणि खाली संध्याकाळचं, ‘कुमारने असं करायला नको होतं.’ दोन्हींत चार बोटांचं अंतर. मला तेव्हा कळलं नाही, असंच मी तुला लिहिणार होते. या पत्राचा पहिला खर्डा तसाच होता. पण पुढच्या वर्षीची डायरी उघडली तर दोन जानेवारीला लिहिलं आहे, ‘तेलाचा काही संबंध असेल का? नसावा.’ म्हणजे शंका आली होती. एक जिना चढून माळ्यावरची गाडी उतरवली असती तर शंका फिटली असती. मी ‘नसावा’ लिहिलं आणि पान उलटलं. पार्वतीकाकूसमोर मान खाली घातली तेव्हाही तो शब्द मला आठवत होता. बेअरिंगची गोष्ट अज्ञानाची आहे, ती मी स्वतःला माफ करू शकते. ‘नसावा’ची नाही.

तर हे पत्र गाडी चालू झाल्याचं कळवायला नाही. आज संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. तेलाच्या कुपीचं झाकण फिरवत ते म्हणाले, ज्या आवारात बोललं गेलं, तिथंच मागं घ्यायला हवं. तुझं वाक्य तुझं आहे; ते डिसेंबरात येऊन मागे घ्यायचं की नाही, ते तू ठरव. मी मात्र तुझ्यासाठी थांबणार नाही. आधी कुमारला आणि काकूला घरी जाऊन सांगेन. कुमार तयार असेल तर पुढच्या शुक्रवारी वडप्याच्या त्या आवारात, ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांच्यासमोरही सांगेन. नंतर ज्या ज्या कारखान्यात तो जायचा तिथे बाबा आणि मी दोघं जाऊ. तो दारातून हाकलेल, किंवा काहीच बोलणार नाही. दोन्हींची तयारी केली आहे. तुला परवानगी विचारत नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. माझ्यावर रागव, मी ऐकून घेईन.

तुझीच ताई,
माधवी

उद्या : सकाळी सातच्या आत शेलारला, काकूच्या घरी. कुमार ड्युटीला निघण्याआधी.